तवंग

४ फेब्रुवारी

वन्सं,

‘वन्सं’ म्हटलं की तू चिडतेस, म्हणून मुद्दाम लिहिलंय. पत्र बघून दचकू नकोस. फोन करता आला असता, पण हल्ली मी फोन उचलला की तुझा दादा समोर येऊन बसतो आणि पलीकडचं माणूस काय म्हणालं ते माझ्या चेहऱ्यावर वाचतो. चष्म्याचं दुकान चालवणाऱ्याची नजर ती, चुकते कशाला! म्हणून शाळेच्या बस-डेपोतून लिहितेय. रजा वाढवून घ्यायला आले होते. ऑफिसात टेबल रिकामं दिसलं.

यकृतातल्या गाठीचं तुला माहीत आहे. नवीन एवढंच की सर्जननी हात वर केले. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला अशी बिलगून बसलीय की सुरी लावायला फट नाही. औषधाच्या फेऱ्या झाल्या, माझे केस गेले, गाठ मात्र जागची हलली नाही. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, एक नवा प्रयोग चालू आहे, तुमचं नाव घालू का? लोखंडाचे अतिसूक्ष्म कण. मांडीच्या शिरेतून नळी घालून थेट गाठीत सोडायचे.

कागद वाचायला दिले. मी न वाचता सही करत नाही, बसच्या विम्यावरसुद्धा नाही. शेवटच्या पानावर लिहिलंय कण कुठे तयार होतात ते. ती तुझी प्रयोगशाळा आहे.

तर मुंगे (तुझ्या दादाने तुला ठेवलेलं लाडकं नाव आज मी उसनं घेते), हे नक्की काय आहे ते मला सांग. धीर देऊ नकोस. धीर देणारे पुष्कळ झालेत. परवा शेजारीण धीर द्यायला आली आणि इतकी रडली की मलाच तिला पाणी द्यावं लागलं.

मी विचारलंय हे दादाला कळू देऊ नकोस.

वहिनी

*

११ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

खरं तर हे पत्र मी लिहायलाच नको. कण बनवणाऱ्यांना ते कोणाला दिले जातात हे कळू द्यायचं नाही, असा नियम आहे. आमच्या सरांना समजलं तर मला या कामातून बाजूला करतील. तरी लिहितेय, आणि सरांना सांगणार नाही. दुसरं कोणी असं वागलं असतं तर मीच ओरडले असते.

तुला सोप्या भाषेत सांगते. कॅन्सरच्या पेशीला लोह फार लागतं. हावरटासारखी ओढून घेते. आम्ही तिच्या त्या हावेचाच फायदा घेतो. आमचा कण ती गिळते, कण आत विरघळतो, आणि सुटं झालेलं लोह पेशीच्या आवरणावर उठतं. आवरण चरबीचं असतं. उघडं राहिलेलं तेल खवट होतं ना, तशी ही चरबी खवट होते. लोह ते काम झपाट्याने करतं. आवरण फाटतं आणि पेशी मरते. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या पेशीही अशा मरतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता दुसरी बाजू. यकृतात मुळातच लोह साठतं. मात्रा जास्त झाली तर चांगल्या पेशीही खवट होतील. म्हणून आधी थोडं थोडं देतात. तीन वेळा दिल्यावर गाठीने दाद दिली नाही, तरच चौथ्या वेळी मात्रा दुप्पट करतात. माणसांवरचे आकडे अजून थोडे आहेत. बरी होशील असं मी म्हणणार नाही. सही कर असंही नाही. मी तुझ्या जागी असते तर केली असती, एवढं म्हणते.

आणि एक. तिथे जे विचारतील त्याचं खरं उत्तर दे. काय खातेस, कुठली गोळी घेतेस, सगळं.

तुझी वन्सं (घे, झालं समाधान?)

*

२० एप्रिल

प्रिय मुंगे,

सही केली. तीन वेळा झालंही.

पहिल्या वेळी टेबलावर आडवं केलं तेव्हा वर टांगलेली पिशवी पाहिली. काळसर तपकिरी, बसचं जुनं ऑइल काढतात ना, अगदी तसं. सिस्टरला म्हटलं, “अहो, हे बदलायचं की घालायचं?” ती हसली नाही. नवीन असावी. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. दात असे वाजत होते की तुझ्या दादाने हनुवटी धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी उतरला.

तर आता बातमी. परवा स्कॅन झाला. गाठ तशीच. उलट एका बाजूने किंचित वाढलीय. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, “कण गाठीत पोचलेत, स्पष्ट दिसतायत. लोह आत आहे. पण काम का करत नाही, तेच कळत नाही.” एकाएकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बाहेरचं काही औषध घेता का? जीवनसत्त्वं, टॉनिक?” म्हटलं, “नाही हो. घरचं जेवण, घरचं सूप.” तुझा दादा शेजारी होता. तोही म्हणाला, “काही नाही.”

माझ्यापेक्षा तोच खचलाय. दुकान अर्धा दिवस बंद ठेवतो. भाजीचं सूप स्वतः करतो आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत उठत नाही. एवढा चांगला नवरा म्हणून तक्रार करू नये, पण त्या सुपावर पिवळा तेलकट तवंग असतो आणि चव अशी की जीभ चिकटते. एकदा म्हटलं, “हे काय घालतोस?” तर म्हणाला, “ताकदीचं आहे. तुझ्या नणंदेच्याच विद्येतलं.” तू काही कळवलं होतंस का त्याला? मला वाटलं होतं, आपलं गुपित आपल्यातच आहे.

चौथ्या वेळेची तारीख अजून दिलेली नाही.

वहिनी

*

२५ एप्रिल

ती. दादास,

आधी हे वाच, रागव मग.

वहिनीच्या सुपात तू काय घालतोस? तिने तक्रार केलेली नाही, सहज लिहिलं आणि मला शंका आली. बाटलीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं कळव. आणि उत्तराची वाट न बघता ते आजपासून बंद कर. काहीही असो.

फोनवर विचारणार होते. पण तू फोन वहिनीसमोर घेतोस, आणि तिच्यासमोर मला सरळ उत्तर मिळणार नाही, एवढं मी तुला ओळखते.

मुंगी

*

२९ एप्रिल

चि. मुंगीस,

तुझं पत्र वाचून आश्चर्य वाटलं. तू माझ्या बायकोशी माझ्या पाठीमागे पत्रव्यवहार करतेस, आणि जाब मला विचारतेस. शिवाय तुझे कण तिच्या अंगात सोडले जातात, हे तुला माहीत होतं आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस. मी समजत होतो की तुझ्यावर नियमाचं बंधन आहे. ते बंधन फक्त भावापुरतं होतं, हे आता कळलं.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. ई जीवनसत्त्व. मोठ्या ताकदीच्या कॅप्सूल. टाचणीने टोचून तेल सुपात पिळतो. ती गोळ्यांना कंटाळलीय, आणि हॉस्पिटलने वरचं काही देऊ नका म्हणून बजावलंय. त्यामुळे तिला सांगितलं नाही. त्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता.

हे मी कुठल्या वैदूच्या सांगण्यावरून केलेलं नाही. तुझ्या नावाचा लेख मिळवला. चार रात्री शब्दकोश घेऊन बसलो. मला विज्ञानातलं कळत नाही, पण अक्षर वाचता येतं. तू स्वच्छ लिहिलंयस, लोहाचे कण दिल्यावर पेशी मेल्या. ई जीवनसत्त्व दिल्यावर पेशी वाचल्या. आलेखही काढलायस. ते लोखंड तिचं यकृत जाळणार, याची मला पहिल्या दिवसापासून धास्ती होती. त्यावरचा उतारा माझ्याच बहिणीने शोधलाय, तर मी तो बायकोला द्यायचा नाही?

तुझं पत्र मिळालं त्या दिवसापासून बंद केलंय, तू इतकं निकराने लिहिलंस म्हणून. कारण मात्र लिहिलं नाहीस. हे कोणाला कळवू नकोस. नियम मोडला म्हणून तिला प्रयोगातून काढतील, आणि मग आमच्या हातात काही उरणार नाही. येत्या गुरुवारी सकाळी चौथी वेळ आहे. मात्रा दुप्पट करणार आहेत. बरंच झालं, इतके दिवस वाया गेले ते भरून निघतील.

तुझा,
दादा

*

गुरुवार, ३ मे, दुपार

दादा,

तुझं पत्र आज सकाळी प्रयोगशाळेत आलं. मी दारातच उभ्याने वाचलं. तुला फोन लावला, बंद. वहिनीचा बंद. तुम्ही आत गेलेले असणार. मग मी थेट हॉस्पिटलला फोन केला आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. तुझं, माझं, सगळं. “पिशवी लावली असेल तर आधी ती थांबवा,” म्हटलं. त्या “धरा” म्हणाल्या आणि रिसीव्हर टेबलावर टाकून पळाल्या. मी किती वेळ कानाला धरून उभी होते, सांगता येत नाही. मग कोणीतरी तो उचलून ठेवून दिला. पुढे काय झालं, मला अजून माहीत नाही. हातांना काही काम हवं म्हणून लिहितेय.

कारण मी आधीच लिहायला हवं होतं. ते असं. माझ्या लेखातल्या त्या पेशी कॅन्सरच्या होत्या, दादा. बशीत वाढवलेल्या. कण खरंच चरबी खवट करूनच मारतात का, हे तपासायचं होतं. म्हणून खवटपणा थांबवणारी वस्तू घातली, ई जीवनसत्त्व. बाटलीतलं तेल टिकावं म्हणून कारखान्यात घालतात तेच. पेशी वाचल्या, म्हणून आमचं म्हणणं सिद्ध झालं. ‘वाचल्या’ ही तिथे आनंदाची गोष्ट नव्हती. तू रोज सुपातून ज्याला वाचवत होतास ती गाठ होती.

आणि आजचं त्याहून वाईट. डॉक्टरांना वाटलं, औषध कमी पडतंय, म्हणून त्यांनी मात्रा दुप्पट केली. पण औषध कमी पडत नव्हतं, मध्ये तुझी ढाल होती. ती तू काढलीस. तिच्या अंगात किती उरलीय, कोणालाच माहीत नाही, कारण ते अंगातल्या चरबीत साठून राहतं. आता अंधारात दुप्पट लोखंड यकृतात सोडायचं, म्हणजे गाठ मरेल की यकृत, याचा नेम नाही.

हे करताना माझं काय होईल याचा विचार केला नाही, असं लिहिलं तर खोटं ठरेल. केला. सरांच्या खोलीकडेच चाललेय.

मुंगी

*

९ मे

मुंगे,

मी जिवंत आहे, हे आधी सांगते. सिस्टरने तुला फोन केला म्हणाली, पण तिच्याकडून ऐकणं वेगळं.

नळी घालून झाली होती. पिशवी टांगलेली. सिस्टर नळीची चिमटी सैल करणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई दार ढकलून आत आल्या, चपला बाहेरच्या घालून. तिथे कोणी तसं येत नाही. ओरडल्या, “हात काढ!” सिस्टरचा हात हवेतच राहिला. त्यांनी स्वतः चिमटी आवळली, पिशवी उतरवली, आणि मला विचारलं, “तुम्ही ई जीवनसत्त्व घेत होता?” मी म्हटलं, “नाही.” त्या म्हणाल्या, “घेत होता.”

काचेपलीकडे तुझा दादा उभा होता. त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं. इतकी वर्षं त्याने माझा चेहरा वाचला, त्या दिवशी मी त्याचा वाचला.

घरी आल्यावर तो बाथरूमचं दार लावून बसला. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाला, “आयुष्यभर लोकांना विचारत आलो, आता नीट दिसतंय का? मलाच दिसलं नाही.” मी जवळ घेतलं असतं. पण घेतलं नाही. म्हटलं, “तुला दिसलं नाही याचा राग नाही. मी पीत होते ते काय आहे, हे मला सांगितलं नाहीस, त्याचा आहे.”

आणि तू फुशारू नकोस. तूही त्यातलीच. तू त्याला लिहिलेली पत्रं त्याने मला दाखवली. तवंगाचं वाचून तुला शंका आली, तर पत्र त्याला का घातलंस? मला का नाही? पीत मी होते ना! तू मला चार ओळी लिहिल्या असत्यास, तर मी सुपाची वाटी उचलून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवली असती. तुम्ही दोघं भावंडं माझ्या डोक्यावरून एकमेकांना पत्रं टाकत राहिलात, मी जणू टपालपेटी. मी शाळेची बस चालवते. पुढे खड्डा आहे हे मागच्या सीटवर कुजबुजून चालत नाही गं. ज्याच्या हातात चाक आहे त्याला सांगायचं असतं.

एवढं बोलून झालं. आता मोकळं वाटतंय.

पुढचं ठरलं ते असं. प्रयोगाच्या हिशेबातून माझं नाव काढलं. त्यांच्या समितीने विचारलं, “अंगातलं ते जीवनसत्त्व उतरेपर्यंत थांबून, पहिल्याच मात्रेने पुन्हा देऊन बघायचं का? फायद्याची हमी नाही. धोका आहे.” तुझा दादा माझ्याकडे बघत होता, डॉक्टरीणबाईही. पहिल्यांदाच सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी ‘हो’ म्हटलं.

थांबायचं तोवर गाठही थांबणार नाही, हे माहीत आहे. त्याबद्दल काही लिहू नकोस.

वहिनी

*

१६ मे

वहिनी,

तू म्हणतेस ते सगळं खरं. बचावाला एक शब्द लिहीत नाही.

सरांनी मला त्या कामातून काढलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, “कधीपासून माहीत होतं?” कण आता माझ्या हाताखालची मुलगी करते. मला दुसऱ्या मजल्यावर उपकरणांची देखभाल दिलीय. जिन्यात भेटली की ती खाली बघते. तुला पुढे जे देतील ते माझ्या हातचं नसेल. ती माझ्यापेक्षा नेटकं काम करते, हे मुद्दाम सांगते, कारण हे खरं आहे.

एक गोष्ट तुझ्यामुळे झाली. आता प्रत्येक पेशंटचं रक्त त्या जीवनसत्त्वासाठी तपासायचं ठरलंय. त्यात आणखी एकजण सापडला. त्याचा तो स्वतःच घेत होता, कोणीतरी ताकदीसाठी सांगितलं म्हणून.

दादा माझे फोन घेत नाही. त्याला काही लिहावं म्हणून तीनदा बसले आणि उठले.

तुझी वन्सं

*

२ सप्टेंबर

चि. मुंगीस,

चार महिन्यांनी लिहितोय. मधलं तुझ्या वहिनीने कळवलं असेलच. जूनअखेरीस पहिली वेळ झाली, नंतर दोन. दुसऱ्या वेळेनंतर तिचे डोळे पिवळे झाले आणि ती आठ दिवस उठली नाही. तेव्हा मी तुला मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग कावीळ उतरली. स्कॅनमध्ये गाठ आक्रसलेली दिसली. रक्तवाहिनीपासून सुटली होती. बोटभरही नाही, पण सर्जन म्हणाले, “मला एवढी फट पुरे.”

आज सकाळी नेलं. मी बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता कोणीतरी उगाच लावून ठेवलाय. तो मी इतक्या वेळा वाचला की शेवटची ओळ पाठ झाली. दुपार कलल्यावर सर्जन टोपी काढत बाहेर आले. “निघाली,” म्हणाले. “कडा स्वच्छ वाटतायत. तपासणीचा अहवाल आठवड्याने. पुढे दर तीन महिन्यांनी बघत राहायचं.” बरी झाली, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

ती शुद्धीवर आली तेव्हा मला आत सोडलं. ओठ सुकले होते. सिस्टरनी चमच्याने पाणी पाजायला सांगितलं. मी चमचा पुढे केला तर म्हणते, “आधी सांग, यात काय आहे?” सिस्टर हसली. मी म्हटलं, “पाणी.” तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, मग तोंड उघडलं.

तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्या दिवशी काचेपलीकडे मी एकटा उभा होतो, आणि आतले सगळे वळून माझ्याकडे बघत होते. ते डोळ्यांसमोरून जात नाही. पण तू फोन केला नसतास तर आज घरात माझ्याशी भांडायला कोणी उरलं नसतं, हेही मला कळतं. दोन्ही एकदम कळतं, आणि त्यात तुझ्या दादाने कुठे उभं राहायचं ते समजत नाही.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “वन्संना फोन कर. सिस्टरना सांगू नकोस, तू कर.” मी बाहेर येऊन वॉर्डातल्या फोनवरून केला. तू लगेच उचललास. “हॅलो” म्हणालीस, मग “कोण?”, मग “वहिनी?” तुझा आवाज असा होता की मला बोलताच आलं नाही. मी ठेवून दिला.

नंतर तू उलट फोन केलास तेव्हा सिस्टरनी घेतला आणि तुला सगळं नीट सांगितलं. मी शेजारी उभा राहून ऐकलं. पण तो आधीचा मुका फोन माझा होता. तेवढा वेळ तुझ्या मनात काय आलं असेल, हे मला माहीत आहे.

ती तुझी वाट बघते. ये. स्टेशनवर मी असेन.

दादा